शपथ आणि भाड्याची सायकल

माझ्या शपथेपायी आमच्या ह्यांनी बेल्जियममध्ये सायकल हातात धरून पायी फिरवली. वर बसले नाहीत.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं.

हे सातपूरला कंपनीत फिटर. इंदिरानगरहून रोज सायकलनेच जायचे. शेजाऱ्यांच्या दारात स्कूटरी आल्या तरी ह्यांची सायकलच.

मग बायपास झालं. घरी आणलं त्या दिवशी मी वणीच्या देवीची शपथ घातली, पुन्हा सायकलवर बसायचं नाही.

पुढे डॉक्टर म्हणाले, सपाट रस्त्यावर चालवा, काही होत नाही.

पण शपथ मी घातलेली, मीच सोडवायची. माझा जीव धजेना.

दोन हजार सहाच्या सुमारास मुलाने, मंदारने, आम्हाला बेल्जियमला बोलावलं. त्याचा भाग फ्रेंच बोलणारा. तिथे फक्त सायकलींसाठी वेगळे रस्ते. एक नदीकाठचा, पूर्वी घोडे नावा ओढत न्यायचे तो. दुसरा जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेला. स्टेशनात आता कॉफी मिळते.

मंदारने सायकली भाड्याने आणल्या. आठवड्याचं भाडं आधीच भरलेलं, म्हणजे परत करायची सोय नाही.

हे सायकल धरून माझ्याबरोबर चालायला लागले.

मी म्हटलं, अहो, शपथ आहे.

"बसायचं नाही म्हणालीस. धरायची नाही असं कुठे म्हणालीस?"

रोज नवा रस्ता आणि रोज हेच. येणारे-जाणारे थांबून टायर दाबून बघायचे. एका म्हाताऱ्याने पंक्चर नसताना हवा भरून दिली. हे त्याला "मर्सी" म्हणाले. तेवढंच फ्रेंच येत होतं.

मंदार वैतागला. "बाबा, कुत्रं पाळलं असतं तरी एवढं फिरवलं नसतं."

हे हसले. पण हात सीटवरून फिरत होता. तो मला बघवेना.

मग एक दिवस नदीच्या वळणावर भिंतीत एक कोनाडा दिसला. आत बाळ घेतलेली आई, पुढे ताजी फुलं.

मी चपला काढल्या.

वणी कुठे, ते गाव कुठे. पण आई ती आई. पर्समधली खडीसाखर पुढे ठेवली. मनात म्हटलं, तुझी शपथ सोडवते, आता ह्यांना तू बघ.

मागे वळून ह्यांना म्हणाले, "सुटली."

हे बघतच राहिले. "नक्की?"

"बसा आता. परत विचारू नका."

बसले. जरा डगमगले, मग वळणापलीकडे दिसेनासे झाले. मंदार मागे निघाला, मी त्याचा हात धरला. जाऊ दे म्हटलं. तोंडाने जप चालू होता, लक्ष सगळं रस्त्याकडे.

घंटी वाजवत परत आले. तोंड लाल झालेलं.

"मागे बस," म्हणाले.

मंदार म्हणाला, आई, नऊवारी-पाचवारी काही असो, इथे असं कुणी बसत नाही.

मी म्हटलं, त्या बाकापर्यंतच. माझं वजन झेपेल का?

"लग्नापासून झेपतंय."

कॅरियरवर एका बाजूला बसले. पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त ह्यांचा स्वेटर. मी पाठीला कान लावला.

श्वास सरळ चालू होता. कुठे अडकत नव्हता.

बाक आलं. मी काही बोलले नाही. हे थांबले नाहीत.

अहो, वर्षश्राद्धाचं पान वाढलंय. नमस्कार करते.