नवी काच

गाडीची समोरची काच बदलल्यापासून बाबा चालवू लागले की गाडी सारखी पीं-पीं करायची. "नव्या काचेने कॅमेरा बिघडलाय," ते म्हणायचे. मलाही तेच खरं असायला हवं होतं. मेकॅनिकने काचेमागचा, रस्त्यावरच्या लेनच्या पट्ट्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा पुन्हा जुळवला आणि आम्हाला घेऊन एक चक्कर मारली. गाडी गप्प राहिली. मग बाबांनी चालवली, तशी ती पुन्हा ओरडू लागली.

"काका, कॅमेरा ठीक आहे," तो हळूच म्हणाला. "गाडी लेनबाहेर सरकतेय."

वय असंच आपल्या माणसांत उतरत जातं, आणि आपण काचेला नावं ठेवत राहतो.

बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली, वळसा घालून ते डाव्या सीटवर बसले आणि सवयीने उजव्या खांद्यामागे सीटबेल्ट शोधू लागले.