चांदीचा थर आणि माझी सही

इथल्या एका संशोधन संस्थेत प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती आहे. तिच्यात एक सभासद शास्त्रज्ञ नसलेला लागतो. निवृत्तीनंतर मला घेतलं, कारण मी इंग्रजी कागद शेवटपर्यंत वाचते. शिवाय मी जैन, तेव्हा उंदरांची बाजू मांडीन असं त्यांना वाटलं असावं.

मी निघाले की तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, दारात उभी.

"उंदरं मारायच्या मीटिंगला इस्त्रीची साडी व्हय, अक्का?"

"मारायच्या नाही गं. वाचवायच्या."

"बरं की. मग आजवर किती वाचली?"

गेल्या वर्षी दुधाच्या कॅनचा प्रस्ताव आला. कॅनला आतून चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर दिला की दूध लवकर नासत नाही. केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान असे हे कण दुधातून पोटात गेले, तर पुढे कुठे जाऊन बसतात? ते दूध लहान मुलं पिणार. म्हणून आधी ते कण उंदरांना पाजायचे, आणि मग उंदीर मारून त्यांची यकृतं तपासायची.

मी विचारलं, "निम्म्या उंदरांवर भागणार नाही का?"

प्रयोग करणारी बाई तुमच्या आईच्या वयाची. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, निम्म्यांवर उत्तर पक्कं येणार नाही. मग ते निम्मे उगाच मेले असं होईल."

मी सही केली.

चांदी यकृतात सापडली. ते कॅन बाजारात आले नाहीत. सगळे म्हणाले, आधी कळलं ते बरं झालं. मलाही बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली. परसातल्या आडाचं पाणी गाळल्यावर फडक्यातले जीव पुन्हा आडात सोडणारी मी.

यंदा क्षमावाणीला, म्हणजे आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो त्या दिवशी, जावेनं हात जोडले.

"वरसभरात काय वाकडं बोलले असंन तर माफ करा, अक्का. उंदरांचं सोडून."

मी हसले. मग मंदिरात जाऊन बसले. हात जोडले, पण मनात सोमवारची मीटिंग होती. नव्या थराचा प्रस्ताव आला होता, आणि उंदरांवर तपासल्याशिवाय तो थर कुठल्याही मुलाच्या दुधाला लागू द्यायला माझं मन तयार नव्हतं. आज क्षमा मागायची आणि सोमवारी पुन्हा सही करायची, हे मला जमेना.

मी न मागताच उठले.