सोमवारचे शेंगालाडू

ताईचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याच आठवड्यात एका सोमवारी तिनं विसरून भाकरीचा तुकडा मोडला होता. उपवास मोडला म्हणून मूल गेलं, ही तिची पक्की समजूत. पुन्हा दिवस गेले तेव्हा ती आमच्याकडे माहेरी आली, ती सोमवार घट्ट धरूनच. बाकीच्या दिवशी तरी कुठं धड जेवत होती! वासानंच तिला उमळून यायचं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी चिडते.

डॉक्टरीणबाईंनी प्रोटीनची पावडर लिहून दिली. वडिलांनी नवी पेठेतून डबा आणला आणि आईनं तो थेट देव्हाऱ्यात ठेवला. औषध उपवासाला चालतं, त्यामुळे ताईचीही हरकत नव्हती. रोज सकाळी आई चमच्याच्या टोकावर चिमूटभर पावडर घ्यायची आणि मधातून चाटवायची. महिना झाला तरी डबा गळ्यापर्यंत भरलेला. "लई पुरतंय बघ," आई कौतुकानं सांगायची.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी ताईला वजनकाट्यावर उभं केलं आणि त्यांचा पारा चढला. "अहो, हे औषध नाही, अन्न आहे! रोज चांगलं पोटात जायला हवं. बाळ वाढणार कशावर?"

झालं! घरी येताच ताई म्हणाली, "अन्न हाय न्हवं? मग सोमवारी मी हात लावनार न्हाय."

इतर वारीही ते सोपं नव्हतं. पावडर दुधात घातली तर गुठळ्या झाल्या. भाकरीच्या पिठात मिसळली तर भाकरी तव्यावरच फाटली. शेवटी वैतागून मीच उखळाशी बसले. शेंगा खरपूस भाजल्या, सालं पाखडली, गूळ घालून तेल सुटेपर्यंत कुटल्या. मग त्यात पावडर आणि वेलदोडा घालून लाडू वळले. भाजक्या शेंगांपुढं पावडरचा वास कुठल्या कुठं गेला. ताईनं एक खाल्ला. आई आणि मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो. उलटी झाली नाही. मग तिनं आपण होऊन दुसरा मागितला, आणि मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम रागावूनच तो दिला.

सोमवार उजाडला. ताईनं लाडवाची ताटली बाजूला सारली.

"अगं, शेंगा-गूळ उपासाला चालतोच की!" मी म्हटलं.

"त्यात ती पावडर हाय."

माझा तोल गेला. "देव काय तुझ्या लेकराच्या घासावर टपून बसलाय व्हय?"

ताई रडायला लागली. आई उठली, हात धुऊन देव्हाऱ्यापुढं बसली आणि पळीभर पाणी ताम्हनात सोडलं. "आजपास्नं हिचे सोमवार माझे. काय चुकलं-माकलं तर मला बघ." मग ताटली ताईच्या मांडीवर ठेवली. "खा आता."

आईला भूक अजिबात सोसायची नाही. जेवायला जरा उशीर झाला की तिचं डोकं उठायचं. हे ताईलाही ठाऊक होतं. ती डोळे पुसत लाडू खात राहिली.

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. ताई म्हणाली, "आई, सोड की आता सोमवार." आई म्हणायची, दात येऊ देत. दात आले तर म्हणायची, पोरगी चालायला लागू दे.

ताई माहेरी आलेली असताना एका सोमवारी ती पोरगी भिंत सोडून डुगूडुगू चालत आली. आईच्या फराळाच्या ताटलीतला शेंगालाडू उचलला, चावला आणि उरलेला सरळ आजीच्या तोंडात कोंबला. सोवळ्याओवळ्यात कुणाला दयामाया न दाखवणाऱ्या आईनं तो मुकाट्यानं खाल्ला.

"उष्टं? उपासाला?" मी डोळे वटारले.

"गप गं. जिच्यासाठी धरला, तिनंच सोडिवला," आई म्हणाली. तिनं नातीला मांडीवर ओढलं. "भाकरी हाय का शिल्लक? लई भूक लागलीया."