आजीची जास्तीची पाच वर्षं

आगाशीच्या स्टॉपवर बसमधून उतरून घराकडे वळले, तर दामूकाकांच्या अंगणात चपलाच चपला. कोणी काही सांगायची गरजच नव्हती. आजी गेली होती... आणि माझ्याशी न बोलताच गेली होती. त्याला आता दीड महिना झाला. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं, तेच पुरे झालं.

आजी म्हणजे दामूकाकांची आई, आमची शेजारीण. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वही-पेन घेऊन कोणासमोर कसं बसावं हे मला नीट ठाऊक नव्हतं. इतिहासाच्या सरांनी प्रकल्प दिला होता : इंग्रजांच्या काळातले सुधारणेचे कायदे घरापर्यंत पोचले का? मी बालविवाहबंदीचा कायदा घेतला आणि आजीकडे गेले. तिने आधी पेनाकडे पाहिलं.

"कोनी पाठवलं तुला?"

"आजी, मी शेजारची. ओळखलं नाहीस?"

"ओळखलं म्हनून तर विचारते. शिकलेलं मानूस उगाच येऊन बसत नाय."

लग्नात वय किती होतं, असं विचारलं की ती क्षणात म्हणायची, "चौदा." एरवी तिला काहीही आठवायला वेळ लागायचा, हे मात्र पाढ्यासारखं यायचं. कायद्यातही मुलीला चौदाच वर्षं हवी होती. मला संशय आला, पण म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडायचं कसं... मी पुढचा प्रश्न विचारला. मग एकदा बोलता बोलता ती म्हणाली, सासरी पहिल्याच आठवड्यात तिचा दात पडला आणि सासूने तो छपरावर फेकला. मी पटकन म्हणाले, "आजी, चौदाव्या वर्षी दुधाचा दात?"

ती उठली, दार लावून आली. मग हळू आवाजात सांगितलं. ती नऊ वर्षांची होती. कायदा होऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून लग्न पलीकडच्या संस्थानात नेऊन लावलं, तिथे इंग्रजांचा कायदा चालत नव्हता. तेही वाजंत्रीशिवाय. गाडीत आईने घोकवून घेतलं : कोणी विचारलं तर चौदा, नाहीतर बापाला धरून नेतील. तेव्हापासून प्रत्येक कागदावर तिने पाच वर्षं जास्त सांगितली. तिला वाटायचं, खरं कळलं तर लग्न खोटं ठरेल आणि दामूलाही लोक नाही नाही ते म्हणतील. मी समजावलं की शिक्षा मोठ्यांना होती, लग्न काही मोडत नव्हतं, आणि आता तर इंग्रजही नाहीत.

"सरकार बदललं. कागद बदलले काय?" ती म्हणाली. "तू चौदाच लिव."

मी मान हलवली. आणि नऊ लिहिलं, तिच्या नावासकट. खरं लिहायला हवं, असं मी स्वतःला सांगितलं. शाबासकीही हवी होती, हे आता कबूल करते. सरांनी लेख भित्तिपत्रकावर लावला, गावातल्या कोणीतरी वाचला आणि गोष्ट आजीपर्यंत पोचली. मी धावत गेले तेव्हा ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता आत हाक मारली, "दामू, हिला पानी दे. सरकारी मानूस आलंय."

मी लेख काढून आणला, तिच्यासमोर फाडला. तिने तुकडे पाहिले. फाडलेला खरा की त्याची नक्कल, हा प्रश्न तिच्या डोळ्यांत होता. पुढे चार महिने तो तसाच राहिला.

मृत्यूची नोंद करायला दामूकाका मलाच घेऊन गेले, फॉर्म भरता येतो म्हणून. वयाच्या रकान्याशी पेन थांबलं. काकांनी भित्तिपत्रकाचं ऐकलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. खरं वय अठ्ठ्याहत्तर होतं. मी त्र्याऐंशी लिहिलं.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "जन्माचा काही पुरावा?"

"नाही," मी म्हणाले. "लग्नात चौदा वर्षांची होती. तिनेच सांगितलंय."