पायावरची दारू

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात दारूला तोंड लावलेलं नाही. लग्नाच्या वरातीत लोक त्याला चिडवायचे, "भाऊले दुधाची बाटली द्या रे." तो हसायचा आणि आपल्या गाडीत जाऊन बसायचा. गाडी म्हणजे काळीपिवळी जीप. अहेरीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. आसपासच्या खेड्यांतली पोरं सकाळी अहेरीच्या शाळेत न्यायची आणि संध्याकाळी घरी आणून सोडायची, हा त्याचा धंदा. आईबाप पोटचं पोर त्याच्या हवाली करायचे ते एकाच भरवशावर, की हा माणूस पीत नाही. त्याच्याविषयी एका आरोग्य विमा कंपनीनं मला कळवलं की अपघाताच्या वेळी विमाधारक मद्याच्या अमलाखाली होता, सबब दावा नामंजूर.

ते वाचून माझ्या तोंडून जी शिवी निघाली ती इथे लिहीत नाही. पण ती मी मागेही घेत नाही.

घडलं होतं ते असं. उन्हाळ्यात शाळेच्या शेवटच्या आठवड्यात तो पोरं सोडून, जीप लावून, मोटरसायकलवर दळण आणायला निघाला होता. गावाबाहेरच्या पुलावर ट्रॅक्टरची रेती सांडलेली असते. ती कोणी उचलत नाही, कारण ती कोणाची हे सांगायला कोणी तयार नसतं. त्या रेतीवर गाडी घसरली आणि घोट्याच्या वरचं हाड कातडी फोडून बाहेर आलं. गावच्या लोकांनी त्याला खाटेवर घालून आधी घरी आणलं. आमच्याकडे माणूस आधी घरीच आणतात. मी जीपसाठी ड्रायव्हर शोधायला धावले. तेवढ्या वेळात माझ्या सासूनं धानाच्या कोठीत हात घालून एक बाटली काढली आणि मोहाची दारू त्या जखमेवर ओतली. मग जुन्या लुगड्याची पट्टी त्याच दारूत भिजवून पायाला बांधली. तिच्या सासूनं हेच केलं असतं आणि तिच्याही सासूनं. जखमेत किडे पडू नयेत म्हणून आमच्या घरांत हे चालत आलेलं आहे. चंद्रपूरच्या दवाखान्यापर्यंत सगळी जीप मोहाच्या वासानं भरलेली होती, आणि मी खिडकीत तोंड घालून बसले होते.

दवाखान्यात मी पैसे भरायच्या रांगेत असताना आत कोणा डॉक्टरानं केसपेपरवर लिहिलं, दारूचा वास येतो. रक्त तपासलं नाही. कोणाला काही विचारलं नाही. वास आला, लिहून मोकळा.

आता तुम्ही म्हणाल, मग कंपनीला खरं सांगून टाकायचं. सांगते का नाही सांगितलं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि गावातल्या महिला मंडळाची अध्यक्ष मी आहे. ज्याच्या घरी दारू सापडेल त्याचं नाव ग्रामसभेत वाचायचं आणि दंड घ्यायचा, हा नियम मी करून घेतलेला. बायकांना घेऊन मी लोकांच्या घरात शिरले आहे, मडकी फोडली आहेत, माझ्या अंगावर लोक काठ्या घेऊन आले आहेत. आणि माझ्याच कोठीत बाटली होती. सासूशी मी महिनाभर धड बोलले नाही. कंपनीकडे पहिली तक्रार केली तिच्यात एवढंच लिहिलं, की माझे पती दारू पीत नाहीत, गावात कोणालाही विचारा.

कंपनीनं गावात कोणालाही विचारलं नाही. तक्रार निवारण म्हणून त्यांचा जो विभाग आहे, त्यानं पहिल्याच पत्रातलं वाक्य उचलून दुसऱ्या पत्रात ठेवलं. आपली तक्रार काळजीपूर्वक तपासली, असं वर लिहिलं होतं. फोन लावला की आधी बराच वेळ गाणं वाजायचं, मग एक मुलगी गोड हिंदीत सांगायची की तिला माझी अडचण समजते. तिला काय समजत होतं ते देव जाणे. मी चंद्रपूरच्या ऑफिसात गेले तर तिथल्या पोरगेल्या साहेबानं स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. "मॅडम, सिस्टिममध्ये क्लोज दाखवून राह्यलं." जणू सिस्टिम म्हणजे त्याचा मोठा भाऊ आणि तो घरी नाही.

आणि एजंट. हा माणूस पॉलिसी विकायला आला तेव्हा माझ्या घरी बसून नदीच्या झिंग्याची भाजी दोनदा मागून खाल्ली होती. "वहिनी, काही झालं तर मी हाओ ना," म्हणाला होता. आता माझा फोन पाहिला की त्याचा फोन बंद. गरज सरो नि वैद्य मरो. फोन बंद ठेवला असता तरी चाललं असतं, पण यानं अहेरीच्या बाजारात तोंड उघडं ठेवलं. कोणी तरी विचारलं, त्या जीपवाल्याला पैसे मिळाले का. हा म्हणाला, "कुठचे मिळतीन? पिऊन व्हता म्हणते ना कंपनी."

बाजार आठवड्याचा असतो, पण बातमी आठवडाभर थांबत नाही. बाकीची घरं तो बरा होईपर्यंत कसंबसं भागवणार होती, पण तीन घरांनी शाळा सुरू व्हायच्या आतच वर्षभरासाठी दुसरी गाडी ठरवली. कोणी तोंडावर काही बोललं नाही. एकानं सांगितलं गाडी लांब पडते, एकानं सांगितलं पोरगी आता मामाकडून जाईल. नवरा पायात लोखंडी सळई घालून खाटेवर पडलेला. तो सगळं ऐकायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे. बरा झाल्यावर येतीन वापस." पण रात्रीचं जेवण अर्धं ताटात राहायचं. माझे दागिने गहाण पडले होते त्याचं मला दुःख नव्हतं, ते सुटले असते. माणसाचं नाव गहाण पडलं तर ते सोडवायचं कुठून, याचा मला राग होता, आणि तो अजून आहे.

शेवटी सासूच बोलली. मी चुलीजवळ तांदूळ निवडत होते. ती समोर येऊन बसली.

"काऊन लिहून नाई देत? मी ओतली म्हणून लिही."

"बाई, पोलीस येतीन घरी."

"येऊ दे. ह्या वयात मले नेऊन ठेवतीन तं दोन टाइम भात त्यायलेच घालावं लागन." मग ती म्हणाली, "माह्या पोराले बेवडा म्हणून राह्यले ते. तुले तुह्या मंडळाची पडली."

मला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरला त्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला घाई होती. "वास होता म्हणून मी वास लिहिला," तो म्हणाला. "तोंडाचा की पायाचा, ते तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं." मी म्हटलं, तुम्ही तेव्हा विचारायला हवं होतं. मी त्याच्या दारातून हलले नाही. मागे पेशंटची रांग लागली, तेव्हा त्यानं लिहून दिलं, की पायाच्या पट्टीला दारू होती आणि वास तिचाही असू शकतो. 'तिचाही' मधल्या 'ही'वर त्यानं पेन दाबून धरलं होतं. पोटापुरतं मिळालं म्हणायचं आणि निघायचं.

ग्रामसभेत मी आमच्याच घराचं नाव वाचलं. घरात मोहाची दारू सापडली, सासूनं ठेवली, जखमेवर ओतली, दंड भरते. मागच्या वर्षी जिची मडकी मी फोडली होती ती बाई उभी राहिली. "मंग माह्या घरची तुले औषधाची नाई दिसली?" मी दंड भरला, पावती घेतली आणि ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडून विमा लोकपालाकडे तक्रार टाकली. कंपन्यांच्या वरचं ते दार असतं हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. एजंट तर सांगणारच नव्हता.

सुनावणी ऑनलाइन होती. अहेरीच्या सेतू केंद्रात, झेरॉक्सच्या मशीनशेजारी आम्ही दोघी सासूसुना एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसलो. कंपनीचा वकील टाय लावून पडद्यावर आला. त्याला पायात रस नव्हता. "आजी," तो म्हणाला, "जिल्ह्यात दारूबंदी असताना तुमच्याकडे दारू आली कुठून?" तिला घाबरवायचं होतं त्याला.

सासू पडद्याजवळ सरकली. "ते मी पोलिसाले सांगीन. तू विमेवाला हायेस ना? तं तू पायाचं विचार."

पडद्यावर दुसऱ्या चौकटीत बसलेले लोकपाल साहेब खाली बघून हसले. मग त्यांनी वकिलाला विचारलं, रक्ताचा रिपोर्ट आहे का. वकील म्हणाला, केसपेपर आहे. साहेब म्हणाले, मी रक्ताचं विचारलं. वकिलानं टाय नीट केला.

निकाल लागायच्या आतच कंपनीचा मेसेज आला. ग्राहकाचे हित लक्षात घेऊन, विशेष बाब म्हणून, दावा मंजूर करण्यात येत आहे. विशेष बाब. म्हणजे भीक घातल्यासारखं. मी फोन लावला, गाणं ऐकलं, आणि गोड मुलगी आल्यावर विचारलं, "मंजूर केला म्हणजे तो प्यायलेला नव्हता, हे तुम्हाला मान्य आहे ना? तसं एक ओळ लिहून द्या."

"मॅडम, अमाउंट क्रेडिट हो गया ना?"

"हो गया. ओळ पाहिजे."

"मॅडम, उसका फॉरमॅट नहीं है."

मी आणखी एक तक्रार केली आहे. तिच्यात एक रुपयाही मागितलेला नाही, फक्त ती ओळ मागितली आहे. अजून उत्तर नाही.

दिवाळीनंतर नवऱ्यानं जीप पुन्हा काढली. थोडा लंगडतो, पण क्लच दाबता येतो. आमच्या गावची पोरं परत आली, ग्रामसभेनं तेवढं केलं. पहिल्या दिवशी मीही गाडीत बसून गेले, अहेरीच्या डॉक्टरला त्याचा पाय दाखवायचा होता. पुढच्या गावात एक बाई पोरीला घेऊन रस्त्यावर उभी होती. त्या गावात आमची ग्रामसभा नाही, तिथे एजंटचं तोंड पोचलेलं आहे. पोरीला आत चढवून बाई ड्रायव्हरच्या खिडकीशी आली. पोरीचा डबा सांडेल, जरा सांभाळून न्या, असं काही तरी बोलत ती वाकली, जेवढं वाकायला नको तेवढी वाकली आणि नाकानं श्वास आत घेतला. मला उतरून तिचं तोंड फोडावंसं वाटलं.

नवऱ्यानं गाडी बंद केली. तिच्याकडे तोंड वळवलं आणि तोंड उघडून सावकाश श्वास सोडला, तिचं समाधान होईपर्यंत. मग तिनं मान हलवली, आणि तो म्हणाला, "रोज पाहत जा बाई. मी थांबत जाईन."