पाटीवर गेलेलं बोट

लातूरच्या बसस्टँडवर एक सर कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाची पोरं घेऊन आले होते. एका पोरीनं त्यांना बनवायच्या बसच्या ॲपचं, पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काढलेलं चित्र माझ्यापुढं धरलं.

"काका, चाकूरची बस शोधा."

मी चित्रातल्या बसच्या पाटीवर बोट ठेवलं. गावाचं नाव आपण पाटीवरच बघतो.

"तिथं न्हाई, खाली बटण हाय!"

मी ओशाळलो. सर मात्र हात मागं बांधून, काहीतरी नवल दिसल्यागत माझ्या बोटाकडं बघत होते.

"सांगू नको," ते तिला म्हणाले. "तू काय परत्येकाच्या मोबाइलात जाऊन बसणार हायस का?"

पोरीनं खालचं बटण खोडलं आणि पाटीवर काढलं.

आता बँकेच्या मशीनपुढं अडखळलो, तरी मी ओशाळत नाही. माझं बोट कुठं गेलं ते बघायला त्या सरांना मागं वळून शोधतो.