दामज्यादादांच्या शेताची चौथी बाजू

भूतखेत, अंगात येणं, संकेत... असल्या गोष्टींविरुद्ध मी भर बाजारात पत्रकं वाटली आहेत. वाद घातलेत, शिव्या खाल्ल्यात. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड जातंय. पण जे ऐकलं ते दडपणं हा त्याहून मोठा खोटेपणा होईल.

धडगावात जीप स्टँडमागे आमच्या गटाची खोली आहे. धरणाच्या पाण्यात गेलेल्या नर्मदाकाठच्या गावांतल्या माणसांचे आवाज आम्ही वेबसाइटवर ठेवतो. साइट जुन्या पद्धतीची — पान सर्व्हरवरच पूर्ण तयार होऊन येतं. तिला मी नवी वेब कंपोनंट लायब्ररी जोडत होतो. म्हणजे पानात एक तयार टॅग लिहायचा, लायब्ररीची स्क्रिप्ट आली की ब्राउझरमध्ये तो टॅग प्लेअर बनतो. स्क्रिप्ट नसेल तर टॅग मेलेला.

त्या दुपारी खुमलीताई आली. "जिंदाबाद, भाऊ!" — खोऱ्यातला आमचा हाच रामराम. तिच्या बापाची, दामज्यादादांची जमीन बुडाली तेव्हा ती आईच्या पाठीवर होती. आता आईबाप दोघंही नाहीत. बदली जमिनीच्या दाव्याची सुनावणी दुसऱ्या दिवशी होती. शेताच्या चारही बाजू तिनं सांगायच्या, गुजरातेत वसलेल्या शेजारच्या नुरजीनं स्वतंत्रपणे सांगायच्या, आणि दोन्ही जुळायला हव्यात. तिला तीनच ठाऊक होत्या. कारण दादांच्या रेकॉर्डिंगमध्ये तीनच आहेत.

याला कारण आमचा सलीमभाई. नंदुरबारचा, आवाजाचं काम त्याचं. डोंगरात कोणी काही सांगू लागलं की ऐकणारा प्रत्येक टप्प्याला "हां" म्हणतो, मगच पुढचं येतं. सलीमभाईनं नव्या माईकसाठी सगळ्यांना गप्प बसवलं. उगवतीला मोहाचं झाड, नाला, मावळतीला नुरजीचं शेत... आणि कोणाचं "हां" येईना म्हणून दादा थांबले. आम्हाला वाटलं, संपलं! नंतर दादाच गेले.

मी पान उघडलं. दादांचा फोटो, खाली नाव. बटण नाही, प्लेअर नाही.

"तुन्हा प्लेअर त मुका शे, भाऊ," सलीमभाई हसला. "सक्काळपासून काय करी ऱ्हायनास?"

बघितलं तर मूळ पानात स्क्रिप्टची ओळच टाकायची राहिली होती. ती लिहायला मी वळणार, तेवढ्यात खुमलीताई फोटोकडे बघत सहज म्हणाली, "हां."

आणि स्पीकरमधून दादा पावरी बोलीत बोलले. "नदीकडं दोन टेंभुर्णी. मधी बसायचा दगड."

सलीमभाईचं हसू तोंडातच राहिलं.

"हां," खुमलीताई पुन्हा म्हणाली.

"झालं आपलं शेत."

मग काहीच नाही.

मी वेड्यासारखं सगळं तपासलं. पानात स्क्रिप्ट नव्हती. ब्राउझरनं आवाजाची फाइल सर्व्हरकडे मागितलीसुद्धा नव्हती. दुसरं कुठलं पान उघडं नव्हतं, सलीमभाईचा फोन बंद होता. मूळ फाइल ऐकली — नुरजीच्या शेतापाशी संपते, त्यापुढे एक श्वाससुद्धा नाही. स्क्रिप्ट टाकून प्लेअर चालू केला, खुमलीताई प्रत्येक खुणेला "हां" म्हणत राहिली. तीनच बाजू.

"बस कर, भाऊ," ती म्हणाली. "त्याचं सांगून झालं."

सुनावणीत तिनं चारही बाजू सांगितल्या. मग नुरजीला आत बोलावलं. म्हातारा टेकत टेकत आला, तीन बाजू बोलला आणि चौथीला म्हणाला, "दोन टेंभुर्णी, साहेब. मधी दगड. आम्ही तिथंच बसून बिडी ओढायचो."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी जुळलं म्हणून लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळले. "तुमच्या वेबसाइटवर आहे ना हे सगळं?"

"नाही," मी म्हणालो. "चौथी बाजू रेकॉर्डिंगमध्ये नाही."

"मग हिला कोणी सांगितली?"

"माझ्या बापानं," खुमलीताई म्हणाली. "काल. हा भाऊ पण होता तिथं."

साहेबांनी मला विचारलं, "खरंय हे?" आयुष्यभर मी दुसऱ्यांना विचारत आलो, पुरावा कुठाय? माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हा नव्हतं, आजही नाही.

"हो, साहेब," मी म्हणालो. "मी ऐकलं."